वाकडहून श्टुटगार्टला: बिऱ्हाड हलवण्याचा खर्च आणि जर्मन आयकर

माझा भाचा 2024 च्या मे महिन्यात पुण्याहून श्टुटगार्टला आला. गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना इथे राहून नोकरी करण्याचा परवाना), 1 जूनपासून नोकरी. सामान त्याच्या आधीच, एप्रिलच्या शेवटी, वाकडच्या भाड्याच्या फ्लॅटमधून निघालं होतं. बायको आणि आठ वर्षांची मुलगी काही महिने कोथरूडला त्याच्या आईवडिलांकडे राहून ऑगस्टमध्ये आल्या. या सगळ्यात पाच हजार युरोंच्या आसपास रक्कम खिशातून गेली, आणि ती गेलीच असं दोघांनी धरलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही त्याचं टॅक्स रिटर्न भरायला बसलो तेव्हा यातलं काही वजा होतं का, हा प्रश्नही त्यानं विचारला नाही. पॅकर्सचं बिल मीच मागितलं.

मी इथे एका कंपनीत पगारपत्रकं करते. भारतातून आलेल्या माणसांची ही वजावट किती सर्रास बुडते ते मला दिसतं, आणि त्याची मला हळहळ वाटते. कारण ती बुडते ती कायदा आडवा आला म्हणून नाही. निघण्याच्या गडबडीत कोणता कागद कशासाठी जपायचा हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. भाच्याच्या प्रकरणात तर सगळा दावा वाकडच्या एका तारखेवर उभा राहिला. रकमा इथे सुटसुटीत केल्या आहेत, आणि 90 रुपयांना एक युरो हा तेव्हाचा ढोबळ दर धरला आहे.

जर्मनीत दुसऱ्याचं रिटर्न वाटेल त्यानं भरून दिलेलं चालत नाही, त्यावर कायद्याचं बंधन आहे. जवळच्या नातलगाला विनामोबदला मदत चालते, आणि भाचा त्या यादीत बसतो. ओळखीतल्या बाकीच्यांना मी पगारदारांसाठी असलेल्या करसाहाय्य संघाकडे किंवा कर-सल्लागाराकडे पाठवते. हे लिखाणही सल्ला म्हणून नको, एका घरात काय घडलं याची नोंद म्हणून वाचावं.

"काही मिळत नाही गं, मावशी"

बिल मागितल्यावर त्याचं पहिलं वाक्य हेच होतं. हा समज त्याच्याकडे तीन दिशांनी आला होता.

एक म्हणजे भारतातली सवय. आपण होऊन नोकरी बदलली आणि गाव सोडलं तर आपल्याकडे पगारदाराला त्या खर्चाचं आयकरात काही सुटत नाही. कंपनीनं बदली करून भत्ता दिला तर तो प्रत्यक्ष खर्चापुरता करमुक्त असतो, पण मुळात तो कंपनीनं द्यावा लागतो. दुसरी दिशा न्यू जर्सीतल्या मित्राची. अमेरिकेत ही वजावट पूर्वी होती, अगदी बाहेरच्या देशातून येणाऱ्यालाही मिळायची. 2017 च्या कायद्यानं ती 2018 पासून थांबवली, सैन्यातल्या लोकांचा अपवाद ठेवून, आणि 2025 च्या कायद्यानं सामान्य पगारदारासाठी ती कायमचीच संपली. तिसरी दिशा टोरांटोची. कॅनडात वजावट आहे, पण ती साधारणपणे कॅनडातल्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेल्यांसाठी. बाहेरून नोकरीला येणाऱ्याला ती सहसा लागू होत नाही.

तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र देश गळून पडतो आणि "काही मिळत नाही" एवढंच उरतं.

जर्मन कायदा काय बघतो

इथे पगार मिळवण्यासाठी जो खर्च करावा लागतो तो पगारातून वजा होतो. नोकरीसाठी घर हलवणं त्यातच धरलं जातं, आणि जर्मनीत पहिल्यांदा नोकरीला रुजू होण्यासाठी केलेलं स्थलांतरही त्यात येतं. तुम्ही म्युनिकहून आलात की पुण्याहून, याला महत्त्व नाही. पैसे रुपयांत दिले, तेही पहिला पगार हातात येण्याआधी दिले, तरी हरकत नाही. तो खर्च इथल्या करपात्र पगारासाठी होता हे स्पष्ट दिसलं पाहिजे. भाच्याच्या नोकरीच्या करारावर फेब्रुवारीची सही होती आणि विमानाचं तिकीट मार्चमध्ये काढलं होतं. हा क्रम पुरेसा बोलका होता.

किती वजा करता येतं, याचं मोजमाप जर्मन केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांच्या बदलीखर्चाच्या कायद्यावरून घेतात. सरकारी माणसाला बदली झाल्यावर जेवढं मिळतं, त्या मर्यादेत खाजगी नोकरदाराचा खर्च फारशी चौकशी न करता मानतात. सामानाची वाहतूक प्रत्यक्ष बिलाप्रमाणे, घरच्यांचा प्रवास तिकिटाप्रमाणे. जुन्या आणि नव्या घराचं भाडं एकाच वेळी भरावं लागलं तर त्यातलं दुहेरी भाडं, ठरावीक मुदतीपर्यंत. भाड्याच्या घरासाठी दलाली दिली असेल तर तीही. नव्या शाळेत मुलांना जादा शिकवणी लावावी लागली तर तिचा खर्च एका कमाल रकमेपर्यंत. आणि या सगळ्यावर एक ठोक रक्कम, जिच्यासाठी एकही पावती लागत नाही. पत्ते बदलणं, कागदपत्रांची फी, हमालांना चहापाणी, पडदे, दिवे टांगणं असा किरकोळ खर्च तिच्यात धरलेला असतो. व्हिसाची फी आम्ही वेगळी दाखवली नाही, ती या ठोक रकमेतच समजून घेतली.

1 मार्च 2024 पासून ही ठोक रक्कम घर हलवणाऱ्या नोकरदारासाठी 964 युरो आणि सोबतच्या घरच्या प्रत्येक माणसामागे 643 युरो होती. तिघांच्या कुटुंबाचे 2,250 युरो झाले. शिकवणीची कमाल मर्यादा त्याच तारखेपासून दर मुलामागे 1,286 युरो. त्याआधी हे सगळे आकडे कमी होते. कोणता दर लावायचा हे जहाज कधी पोचलं किंवा माणूस कधी उतरला यावर ठरत नाही. सामान गाडीत चढवायच्या आदल्या दिवशी जो दर असेल तो लागू.

स्वयंपाकघर कुणाचं?

त्याच आदल्या दिवसावर आणखी एक गोष्ट ठरते, आणि मराठी कुटुंबांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

सामान चढवायच्या आदल्या दिवशी तुमचं स्वतःचं घर नसेल, तर पूर्ण ठोक रक्कम मिळत नाही. 964 च्या जागी फक्त 193 युरो. घर कशाला म्हणायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे: स्वतंत्र बंदिस्त जागा, तिच्यात संसार चालवता येईल अशा खोल्या, पाणी, सांडपाण्याची मोरी, संडास, आणि स्वयंपाकघर किंवा निदान स्वयंपाकाची सोय असलेली खोली. आईवडिलांच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमधली तुमची खोली, मग तिथे तुम्ही लग्नानंतर दहा वर्षं राहिलेले असा, घराचं वीजबिल आणि किराणा तुम्हीच भरत असा, या व्याख्येत बसत नाही. चूल एक, दार एक, म्हणजे घर आईवडिलांचं.

मला हा नियम आपल्या कुटुंबांवर अन्याय करणारा वाटतो. एकत्र घरातून निघणाऱ्या जोडप्याला पडदे आणि कागदपत्रांचा खर्च कमी येत नाही, उलट भांड्यापासून सगळं नव्यानं उभं करावं लागतं. पण नियम लिहिणाऱ्यांपुढे आईवडिलांच्या घरातून पहिल्यांदा बाहेर पडणारा तरुण होता, ज्याच्याकडे हलवायला फारसं काही नसतं. पंचेचाळीस वर्षांचा मुलगा, सून, नातवंडं आणि आजी-आजोबा एका स्वयंपाकघरात, हे चित्र त्यांच्यापुढे नव्हतं.

भाचा इथेच अडकला असता. त्यानं रिटर्नच्या कच्च्या मसुद्यात "जर्मनीत येण्यापूर्वीचा पत्ता" म्हणून कोथरूडचा पत्ता लिहिला होता. पासपोर्टवर कोथरूड, आधारवर कोथरूड, बँकेत कोथरूड, विमानतळाला टॅक्सी निघाली ती कोथरूडहून. त्याच्या दृष्टीनं घर तेच. 2019 पासून हिंजवडीच्या नोकरीमुळे तो वाकडला भाड्यानं राहत होता, पण तो पत्ता त्यानं कुठेच नोंदवला नव्हता, "भाड्याचं तर होतं" म्हणून.

मी विचारलं, "अरे, सामान कुठून उचललं?"

"वाकडहून. गाडी खाली लागली होती सकाळी सात वाजता, सोसायटीचा वॉचमन कटकट करत होता."

"आणि त्या दिवशी तुम्ही कुठे राहत होता?"

"तिथेच. रात्री मग आईकडे गेलो, झोपायला गादीच नव्हती."

प्रकरण इथे फिरलं. सामान 28 एप्रिलला उचललं गेलं. 27 एप्रिलला त्या तिघांचा संसार वाकडच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात चालू होता. त्यानंतर बायको आणि मुलगी साडेतीन महिने कोथरूडला राहिल्या, पण नियम त्या महिन्यांकडे बघतच नाही. काही कुटुंबं आधी भाड्याचं घर सोडतात, सगळं सामान आईवडिलांच्या गॅलरीत नि गॅरेजमध्ये आणून ठेवतात आणि महिनाभरानं तिथून पॅकर्सच्या ताब्यात देतात. त्यांच्या बाबतीत आदल्या दिवशीचं घर आईवडिलांचं ठरू शकतं. खर्च तोच, सामान तेच, माणसं तीच, आणि 2,250 च्या जागी 193.

यावर एक तोडगा इथल्या ओळखीच्यांत सुचवला जातो: वडिलांशी मागच्या तारखेचा भाडेकरार करून टाकायचा. तसं अजिबात करू नये. तो खोटा कागद आहे. करचुकवेगिरीचं प्रकरण अंगावर आलं तर ते दोन हजार युरोंपुरतं राहत नाही, ब्लू कार्ड आणि पुढे कायमचं वास्तव्य मागताना ते पुन्हा समोर येतं. घर आईवडिलांचंच असेल तर ती कमी ठोक रक्कमच (2024 च्या त्या दरानं 193) लिहावी आणि प्रत्यक्ष बिलं पूर्ण लावावीत. ती बिलं एकत्र कुटुंबालाही तेवढीच मान्य होतात.

वाकडची तारीख सिद्ध कशी केली

2017 सालापासून रिटर्नसोबत पावत्या पाठवायच्या नसतात. त्या जपून ठेवायच्या आणि कर कार्यालयानं मागितल्या तर द्यायच्या. परदेशातून आलेल्या पहिल्या वर्षी त्या मागितल्या जाण्याची शक्यता धरूनच चालावं, म्हणून आम्ही फाइल आधी लावली.

पॅकर्सचं अंतिम बिल जूनचं होतं, जहाज सुटल्यावर काढलेलं. त्यावर पत्ता कोथरूडचा, कारण भाच्यानं फॉर्म भरताना "कायमचा पत्ता" दिला होता. एकट्या त्या बिलावरून कुणालाही वाटलं असतं की सामान जूनमध्ये कोथरूडहून निघालं. पण त्याला जोडलेली सामानाची यादी मात्र सोन्यासारखी निघाली. तिच्यावर वर वाकडचा पत्ता, उचलल्याची तारीख, सुपरवायझरची सही, आणि खाली 41 खोक्यांचा तपशील: कुकर दोन, मिक्सर, पोळपाट-लाटणं, तांब्याची कळशी, देवघर लाकडी, शिलाई मशीन, मुलीची सायकल, पुस्तकांची खोकी चार. ही यादी खरं तर सीमाशुल्कासाठी केली होती. युरोपीय संघाबाहेर सलग किमान बारा महिने राहिलेल्या माणसाला राहतं घर हलवताना वापरातलं सामान शुल्काशिवाय आणता येतं, मात्र ते किमान सहा महिने वापरलेलं असावं, आणि आणल्यावर बारा महिने विकता येत नाही. एका खात्यासाठी केलेला कागद दुसऱ्या खात्यात उपयोगी पडला.

दुसरा कागद लीव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे आणि भाच्याच्या घरमालकानं तो दर वेळी रीतसर नोंदवला होता, त्यामुळे इंडेक्स टूसकट (नोंदणीच्या उताऱ्यासकट) प्रत हातात होती. करारात फ्लॅटचं वर्णन होतं, स्वयंपाकघरासह. नोंदणी न करता साध्या स्टँपपेपरवर भागवणारी माणसं मी पाहिली आहेत. तीन वर्षांनंतर दुसऱ्या देशातल्या अधिकाऱ्यासमोर तो कागद किती लुळा पडतो ते त्यांना तेव्हा जाणवत नाही. सोबत एप्रिलचं महावितरणचं बिल आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र लावलं.

करार मराठीत होता. कर कार्यालयाचा कारभार जर्मन भाषेत चालतो आणि परभाषेतल्या कागदाचं भाषांतर ते मागू शकतात. शपथबद्ध भाषांतरकाराचंच हवं असं सुरुवातीला नसतं, तशी मागणी सकारण करावी लागते. महत्त्वाच्या दोन पानांचं जर्मन भाषांतर मी करून जोडलं, ते चाललं. इंग्रजी बिलं तशीच स्वीकारली गेली.

आकडे

वाहतूक 1,98,000 रुपये, म्हणजे 2,200 युरो. त्या वर्षी तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती. न्हावाशेव्याहून निघालेलं सामान हॅम्बर्गला उशिरा पोचलं आणि भाडंही वाढलेलं होतं. बिल प्रत्यक्ष असल्यामुळे त्याचा त्रास झाला नाही. तिघांची तिकिटं 1,35,000 रुपये, म्हणजे 1,500 युरो. पुणे-मुंबई टॅक्सी आणि फ्रँकफर्ट-श्टुटगार्ट रेल्वे मिळून 190.

दुहेरी भाड्याचा हिशेब लहान होता, पण तो लोक विसरतातच. वाकडच्या घराला महिन्याची नोटीस होती, म्हणून रिकाम्या घराचं मे महिन्याचं 31,000 रुपये भाडं द्यावं लागलं. 15 मेपासून इथल्या सामानासह घेतलेल्या छोट्या घराचं भाडं सुरू झालं. म्हणजे 15 ते 31 मे या सतरा दिवसांचे 17,000 रुपये दुहेरी पडले: 189 युरो. मेचा पहिला पंधरवडा आम्ही दाखवला नाही, कारण तेव्हा दुसरं भाडं चालू नव्हतं.

मुलीची जर्मनची शिकवणी 900 युरो. शाळेत तिला जर्मन न येणाऱ्या मुलांच्या तयारी वर्गात घेतलं होतं, आणि घरी आणखी शिकवणी हवी असं शिक्षिकेनं लेखी दिलं होतं. ठोक रक्कम 2,250. एकूण 7,229 युरो.

यातून कंपनीनं करमुक्त दिलेलं काही असेल तर ते वजा करायचं असतं. नोकरीच्या करारात 2,500 युरो "स्थलांतर साहाय्य" लिहिलेलं होतं, आणि भाच्याला वाटलं, संपलं, आता एवढं कमी होणार. इथे माझं रोजचं काम कामी आलं. जूनची पगारपावती बघितली तर ते 2,500 पगारासारखेच करपात्र धरले होते, त्यावर करही कापला होता आणि सामाजिक विम्याचा हप्ताही. म्हणजे तो वाढीव पगारच झाला, खर्चाची भरपाई नव्हे, आणि दाव्यातून एक युरोही कमी करायचं कारण नव्हतं. कंपनीनं बिलं घेऊन तीच रक्कम करमुक्त दिली असती तर दाव्यात 4,729 उरले असते. खरं तर भाच्याला ते अधिक फायद्याचं पडलं असतं, कारण पूर्ण 2,500 हातात आले असते आणि विम्याचा हप्ताही वाचला असता. करारावर सही करण्याआधी एचआरला एवढं विचारावं: भरपाई बिलांवर करमुक्त देणार की पगारात मिसळून?

जे लावलं नाही तेही सांगते, कारण त्यावर बराच वाद झाला. नव्या घरात स्वयंपाकघराचे ओटे-कपाटंच नव्हती, इथे भाड्याची घरं पुष्कळदा तशीच मिळतात. त्याचे साडेचार हजार गेले. ते घरसामान, वजा होत नाही. तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत. ती परत मिळणार असते, म्हणून खर्चच नव्हे. आणि तिघांचे हिवाळी कोट-बूट. "पुण्यात कशाला लागले असते?" हा त्याच्या बायकोचा मुद्दा माणूस म्हणून मला पटतो. पण हवामान बदलल्यामुळे घेतलेले कपडे हा खाजगी खर्च, हे इथल्या न्यायालयांनी केव्हाच ठरवून टाकलं आहे.

भारतातला पगार लपवायचा नाही

7,229 वजा झाले म्हणजे 7,229 परत मिळाले नाहीत. प्रत्येक पगारदाराला 1,230 युरोंची वजावट न मागता मिळते. भाच्याचे येण्याजाण्याचे आणि घरून काम केल्याचे मिळून 800 च होत होते, म्हणजे एरवी त्यांचा काही उपयोग झाला नसता. स्थलांतराचे धरून 8,029 झाले, त्यातले 1,230 तसेही मिळणारच होते. प्रत्यक्ष फायदा उरलेल्या 6,799 युरोंवरच्या कराचा, आणि तो तुमच्या वरच्या टप्प्याच्या दरानं.

तो दर ठरवताना जानेवारीपासून येईपर्यंतचा भारतातला पगार मोजला जातो. त्याच्यावर जर्मनी कर लावत नाही, पण इथल्या पगारावर कोणत्या दरानं कर लावायचा हे दोन्ही मिळकती एकत्र धरून ठरतं. भाच्याचा मध्य मेपर्यंतचा पगार, आणि नवरा-बायकोचं एकत्र विवरण असल्यामुळे तिचा जुलैपर्यंतचा बँकेतला पगारही. परदेशातून त्या वर्षी आलेल्यांसाठी रिटर्नला वेगळी पुरवणी असते, ते आकडे तिच्यात लिहायचे. ही मिळकत 410 युरोंच्या वर असली की रिटर्न ऐच्छिक राहत नाही, भरावंच लागतं. 2024 च्या रिटर्नची मुदत 31 जुलै 2025 होती. "भारतातलं यांना कसं कळणार" असं म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते: तुम्ही स्वतःच सांगितलेलं असतं की मेमध्ये आलो, मग जानेवारी ते मे पोट कशावर भरत होता हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच.

उलट बाजूनंही काही गोष्टी येतात. दर महिन्याला कर कापताना कंपनी तो पगार बारा महिने मिळणार असं धरते, भाच्याला तो सातच महिने मिळाला होता. शिवाय बायको भारतात असेपर्यंत त्याचा कर एकट्या माणसाच्या वर्गात कापला गेला होता. ती ऑगस्टमध्ये आली आणि दोघांचं वर्षभराचं विवरण एकत्र करता आलं. या सगळ्यांचा एकमेकांत हिशेब होऊन रक्कम परत मिळाली. त्यात स्थलांतर खर्चामुळे मिळालेला वाटा दोन हजार युरोंच्या थोडा वर होता.

कार्यालयाचं पत्र आणि निकाल

रिटर्न मेमध्ये ऑनलाइन भरलं. काही आठवड्यांनी पत्र आलं, चार आठवड्यांची मुदत देऊन. अपेक्षेप्रमाणे विचारणा तीन: सामान निघण्यापूर्वी स्वतःचं घर होतं याचा पुरावा, कंपनीनं करमुक्त भरपाई दिली नाही असं तिचं पत्र, आणि शिकवणीची गरज. फाइल तयार होती. कंपनीचं पत्र तेवढं मागवावं लागलं, आणि त्यालाच सगळ्यात जास्त दिवस लागले. हे पत्र रिटर्न भरण्याआधीच घेऊन ठेवावं.

उत्तरात आम्ही एक पानाचा घटनाक्रम लावला: कराराची सही, तिकीट, 28 एप्रिलला वाकडहून सामान, 15 मेला भाच्याचं आगमन, 1 जूनला नोकरी, जुलैत सामान, ऑगस्टमध्ये कुटुंब. प्रत्येक ओळीपुढे कोणता कागद ते लिहिलं. पासपोर्टवर कोथरूड का आहे, हेही न विचारता एका वाक्यात सांगितलं: तो आईवडिलांचा कायमचा पत्ता आहे, संसार वाकडला होता. अधिकाऱ्याला जी विसंगती दिसणारच आहे ती आपण आधी उलगडून दाखवावी, असं माझं मत आहे.

निर्धारणाचा आदेश ऑगस्टच्या शेवटी आला. स्थलांतराचे 7,229 च्या 7,229 मान्य. एक रक्कम मात्र कापली होती: भाच्याच्या स्वतःच्या जर्मन वर्गाचे 480 युरो, जे त्यानं हौसेनं नोकरीचा खर्च म्हणून वेगळे लावले होते. आदेशाविरुद्ध महिन्याच्या आत हरकत घेता येते आणि तिला फी नसते, म्हणून त्याला ती घ्यायची होती. पण परदेशी माणसानं रोजच्या व्यवहारापुरती जर्मन शिकणं हा साधारणपणे खाजगी खर्च, नोकरीला ती भाषा लागत असली तरी, असा इथल्या सर्वोच्च कर न्यायालयाचा 2007 चा निकाल आहे. भाच्याचा वर्ग अगदी प्राथमिक पातळीचा होता. आम्ही हरकत घेतली नाही.

मुलीची शिकवणी जानेवारी 2025 नंतरही चालू राहिली. खर्च ज्या वर्षी दिला त्या वर्षात धरायचा असतो, आणि 1,286 पैकी 900 वापरून झाले होते. उरलेल्या 386 युरोंपर्यंतच्या पावत्या 2025 च्या रिटर्नच्या फाइलमध्ये लावल्या आहेत, शाळेच्या पत्राच्या प्रतीसह.